गेटासमोरच्या चेंबरची बातमी

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे प्रत्यक्षात मान तेवढी लवली आहे. उरलेला नमस्कार मनातून घातला असं समजावं.) तुमचे गुडघे, वहिनींचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांचा एकमेकांवरचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे या दिवसांत ज्याला ठीक म्हणायची सवय झाली आहे, तितपत ठीक.

आज तुम्हाला सूनबाईबद्दल लिहायचं आहे. लग्नात तुम्ही मला विचारलं होतंत, की मुलगी करते काय? आणि मी छाती फुगवून सांगितलं होतं, की पाण्याच्या प्रयोगशाळेत असते. तेव्हा ते खरंच होतं, ती पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासत असे. पण साथ आली आणि साहेबांनी तिला पिण्याच्या पाण्यावरून उचलून सांडपाण्यावर नेमलं. ही बदली मी तुम्हाला कळवली नाही. बढती असती तर तार केली असती. तिनं पहिल्याच दिवशी जेवताना आम्हाला समजावलं, की माणसाला ताप यायच्या कितीतरी आधी हा विषाणू त्याच्या पोटातून बाहेर पडू लागतो, त्यामुळे डॉक्टरला कळायच्या आत गटाराला कळतं. गावात साथ चढते आहे की उतरते आहे, हे सगळ्यात आधी तिथंच दिसतं. समजावणं अतिशय मुद्देसूद होतं, पण आमच्या सौ.नं हातातला घास खाली ठेवला, आणि मी ताक पिणार होतो ते राहूनच गेलं.

तर रोज सकाळी सात वाजता ही अंगभर पांढरा प्लास्टिकचा सूट, गुडघ्यापर्यंत बूट आणि तोंडावर दोन मास्क अशा थाटात निघते. गावातल्या गटारांची सहा चेंबरं ठरलेली आहेत. लोखंडी आकड्यानं झाकण उचलायचं, लांब काठीला बांधलेली बाटली आत सोडायची, भरून वर काढायची, पुसायची, चिठ्ठी लावायची आणि बर्फाच्या निळ्या डब्यात ठेवायची. सहांपैकी एक चेंबर नेमकं आमच्या गेटासमोर! पहिल्या सकाळी मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. तरी वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटलेच आणि विचारते झाले, की ते पांढऱ्या कपड्यातलं कोण हो? मी म्हणालो, "असेल पालिकेचं कोणीतरी." (दादा, तुमच्यापाशी कबूल करतो. चाळीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, पण इतका काळा रंग स्वतःच्या हातानं स्वतःला कधी फासला नव्हता.) सूट घातलेली सूनबाई माझ्या मागच्याच पायरीवर उभी होती. ती आंघोळ करून आली, आणि मी चहा पुढे केला तेव्हा म्हणाली, "बाबा, पालिकेच्या कोणीतरीला साखर कमी लागते."

त्या चहाचं प्रायश्चित्त म्हणून मी आलेख काढायला घेतला. ती रोज नमुन्यांतल्या विषाणूंचे आकडे सांगे आणि मी ते बिल्डिंगच्या सूचनाफलकावर लाल शाईनं मांडत असे. नंतर नंतर लोक वर्तमानपत्राआधी माझा फलक बघायला लागले. रेघ चढली की मला स्वतःलाच दम लागे आणि उतरली की उगाच दोन घरांत फोन करावासा वाटे. एका मंगळवारी आमच्या चेंबरचा आकडा एकदम निम्म्यावर आला. सूनबाई घाईत आकडा सांगून परत प्रयोगशाळेत गेली होती, तिला खोदून विचारायला हवं होतं. पण मला कुठला धीर! मी अंगणात उभा राहून साथ उतरल्याचं जाहीर केलं. बायका गॅलरीत आल्या, टाळ्या झाल्या, आणि वर्षभर अडकून पडलेली सोसायटीची सभा येत्या शनिवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये घ्यायची, अशी नोटीस सेक्रेटरींनी तासाभरात लावली. (या हॉलला दोन खिडक्या आहेत. त्यांतली एक रंगकामाच्या वेळी रंगानं चिकटली ती कायमचीच.)

संध्याकाळी सूनबाई आली, तिनं नोटीस वाचली आणि कपाळाला हात लावला. सोमवारी पलीकडच्या चौकात पाण्याची मोठी पाइप फुटली होती आणि ते सगळं स्वच्छ पाणी आमच्या गटारात आलं होतं. विषाणू तेवढेच, पाणी दुप्पट, म्हणून आकडा निम्मा! दुसऱ्या दिवशी मी दारोदार फिरून आनंद परत मागत होतो. दिलेली वस्तू परत मागणं सोपं असतं हो, टाळ्या कशा परत मागायच्या? सेक्रेटरी तर म्हणाले, एकदा लागलेली नोटीस आपण काढत नसतो.

आणि गुरुवारी खरा आकडा आला. आधीच्या आठवड्याच्या सातपट. सूनबाईनं तो दोनदा तपासला, मग साहेबांकडून तपासून घेतला. सबंध बिल्डिंगमध्ये तेव्हा कुणाला साधी शिंकसुद्धा नव्हती, आणि शनिवारी चाळीस म्हातारी माणसं त्या एका खिडकीच्या हॉलमध्ये दोन तास बसणार होती. ती सेक्रेटरींकडे गेली. ते हसून म्हणाले, "गटारात डोकावून सभा रद्द करायची म्हणजे कमालच झाली!"

शुक्रवारी सकाळी तिनं नमुना घेतला, पण झाकण लावलं नाही. तिथंच उभी राहिली आणि गॅलऱ्यांकडे बघून मोठ्यानं बोलायला लागली. तिचा आवाज मुळात बारीक, त्यात दोन मास्क. तरी एकेक दार उघडत गेलं. ती म्हणाली, "या बाटलीत कुणाचं नाव नसतं. कोण आजारी आहे ते मला कळत नाही, आणि त्यांचं त्यांनाही अजून कळलेलं नाही. पण ते आपल्यातलेच आहेत. चार दिवस थांबा. मी चुकले तर पुढच्या सभेत सगळ्यांसमोर माफी मागेन."

वकिलांनी वरून विचारलं, "तुम्ही कोण, पालिकेच्या का?"

दादा, माझी कंबर तेव्हाच धरली. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो, उघड्या चेंबरपाशी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो आणि ओरडलो, "ही माझी सून आहे! आणि मंगळवारी चुकलो तो मी, ती नाही!" (वास फार होता. पण त्या वेळी तो मला आला नाही, नंतर आला.) वकील कठड्यावरून खाली वाकले. मग म्हणाले, "माझी आई एक्क्याण्णव वर्षांची आहे. ती येणार नाही, मीही येत नाही." मग दुसऱ्या मजल्यावरून कुणी नाही म्हटलं, मग चौथ्या. शनिवारी हॉलमध्ये एकटे सेक्रेटरी आणि त्यांचा अहवाल, असे दोघेच होते.

सोमवारी पहिला ताप आला तो सेक्रेटरींनाच. (ते अहवाल वाचतात तेव्हा पहिल्या तीन रांगांवर शिंपण होते, हे तुम्ही मागे स्वतः अनुभवलं आहे.) आठवड्याभरात बिल्डिंगमधले अकरा जण आजारी पडले. अकराच्या अकरा बरे झाले. एक्क्याण्णव वर्षांच्या आजींना काही झालंच नाही. सेक्रेटरी बरे झाल्यावर खाली आले, सूनबाईपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले, आणि मग स्वतःच्या हातानं नोटीस काढली.

मला तिचं कौतुक वाटतं ते केवळ तिचं बरोबर ठरलं म्हणून नाही. गेले आठ दिवस रेघ पुन्हा खाली येते आहे. मी म्हटलं, आता तरी हस. तर म्हणाली, "बाबा, आज सकाळी पाइप कुठं फुटली नाही ना, ते विचारून आले. अजून दोन नमुने असेच येऊ देत." आणि एवढं बोलून, मी बघत नाही असं समजून, फलकासमोर गेली आणि उतरत्या रेघेवरून हळूच बोट फिरवून आली. आशासुद्धा मोजून घेणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतो आहे. आम्ही ती पिंपानं ओतली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. अकरांमधला सातवा मी. वर लिहायचं राहून गेलं. मागच्या खोलीत होतो, आता उत्तम आहे, फक्त सौ.च्या स्वयंपाकाची चव अजून कळत नाही. हे तिला कळवू नये, ती माझ्या कौतुकावर खूश आहे.

ता. क. २. आता मुख्य मुद्दा. पुढच्या महिन्यात तुम्ही आणि वहिनी राहायला यायचं म्हणता आहात, ते सध्या येऊ नका. रेघ पुरती खाली बसली, की सूनबाई स्वतः तारीख कळवणार आहे. ती म्हणत होती, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोनवर दोन शब्दांचं काम आहे. तिला काय सांगू! चार वेळा फोन केला, दादा. दर वेळी त्या दोन शब्दांपैकी तुम्हाला फक्त "येऊ" ऐकू आलं, आणि तुम्ही "हो हो, येतोच" म्हणून फोन ठेवलात.