झाकलेला तक्ता

३ जानेवारी १९९४
संकल्प: वर्षभरात पनवेल तालुक्यातल्या प्रत्येक बाईला ब्रेस्ट कॅन्सर समजलाच पाहिजे. हॉस्पिटलात आरोग्यशिक्षणाचा चार्ज माझ्याकडे. नर्सिंगमध्ये बावीस वर्षं सर्व्हिस, कृष्णकांत ब्रदर म्हटलं की सगळे ओळखतात. भाषणाचा तक्ता सभ्य दिसावा म्हणून त्यावरच्या बाईच्या चित्रावर गळ्याखाली ब्राऊनपेपर चिकटवला. बायको, म्हणजे रमा, म्हणाली काखेजवळ गाठीसारखं लागतंय. म्हटलं, आधी डिंक दे.

९ जानेवारी
कोळीवाड्यात भाषण. बायका इतक्या भारावल्या की मान वर करेनात. एक सोनाबाई तेवढी म्हणाली, दावायचं तेच झाकलंय, मंग बगायचं काय? अडाणीपणा, दुसरं काय! नवी स्टाफ नर्स चारुता भाषणाआधी आणि नंतर बायकांना तेच पाच प्रश्न विचारत होती. कशाला, तर म्हणे पुरावा हवा. टाळ्या ऐकल्या नाहीत वाटतं.
घरी येतो तर रमानं पुन्हा गाठीचं काढलं. दमलेल्या माणसानं किती ऐकायचं?

१४ जानेवारी, संक्रांत
चारुतानं डॉक्टरांसमोर आकडे मांडले. माझ्या भाषणानंतर चाळीसपैकी एकतीस बायका म्हणतात, गाठ गळ्यात शोधायची. आधी असं म्हणणाऱ्या चारच होत्या. विश्वासघात! हिला सलाईन लावायला मी शिकवलं. वर तिळगूळ घेऊन आली. खाल्ला, पण गोड बोललो नाही.

२२ जानेवारी
चारुताचं सुकापूरला हळदीकुंकू. दार लावून, उघडा तक्ता घेऊन शिकवणार म्हणे. पुरुषांना बंदी. मलासुद्धा! ठीक आहे, मी नवा रंगीत तक्ता करतो, बघतील सगळे. रमाही तिकडेच निघाली. घरची फितुरी! जाताना म्हणाली, गाठ अजून आहे हो. म्हटलं, रंग वाळू दे.

११ फेब्रुवारी, दुपारी ३
रमा ऑपरेशन थिएटरात आहे. हळदीकुंकवाला स्वतः तपासायला शिकली आणि दुसऱ्याच दिवशी चारुताबरोबर डॉक्टरांकडे गेली. कॅन्सर. लवकर सापडलाय, डॉक्टर म्हणाले. निनादला, पोटच्या पोराला, सगळं ठाऊक होतं. मला आज सकाळी कळलं. फार लागलं. आत नेताना रमाला म्हटलं, नवऱ्याला सांगावंसं वाटलं नाही? म्हणाली, तीनदा सांगितलं.
शक्यच नाही. खोटं ठरवायला बाकावर बसून ही वही चाळली. तीन तारीख, नऊ, बावीस. अक्षर माझंच आहे.