वरच्या सप्तकातला रे

पूर्णा,
रविवार, दिवेलागणीची वेळ

प्रिय बबिता,

आधी आनंदाची बातमी. तुझा तो ई मायनर नाइन्थ कॉर्ड आज वाजला. नुसता वाजला नाही, अंगणभर रेंगाळला. फोन करूनच ऐकवणार होते, पण आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की मुद्द्याचं राहूनच जातं. आणि आज मुद्दा आहे. काल धम्मपालभाऊजींनी बदलीची बातमी दिली, पुढच्या महिन्यात तुम्ही सेलू सोडून घरी राहायला येताय, तेव्हापासून आपल्या सासूबाईंचे पाय जमिनीवर नाहीत. तुमच्या जुन्या खोलीतली ज्वारीची पोती त्यांनी आजच बाहेर काढायला लावली. "माजी दोनी लेकरं आता एका चुलीवर जेवतेल," असं अख्ख्या गल्लीत सांगून आल्या. मीही फोनवर 'या, या' म्हणाले. फोन ठेवल्यापासून मला काही सुचेना, म्हणून आज तुझी गिटार घेऊन लिंबाखाली बसले.

हा कॉर्ड किती दिवस मला चकवत होता, आठवतं? मी विहारातल्या महिला मंडळात पेटी धरणारी बाई. सा, कोमल ग, प, कोमल नी आणि त्यात रे, असं तू सांगितलंस तेव्हा म्हटलं, एवढंच ना! पेटीवर पाचही सूर एकाच सप्तकात दाबले. अगं, काय ती खरखर! रे आणि कोमल ग शेजारी शेजारी, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. फोनवर तिकडून तू हसत सुटलीस. "ताई, लय जवळ बसिवलं की त्याला तुमी. वर न्या, वर!" सा पासून मोजलं तर वरचा सा आठवा, त्याच्या पुढचा रे नववा, म्हणून तो नाइन्थ. सूर तोच, फक्त माडीवर राहायला गेलेला.

आज गिटारवर तो नीट बसला. जाड तार मोकळी, तिच्या शेजारच्या तारेवर, दांडीवरच्या दुसऱ्या घरात, मधलं बोट, आतल्या तारा मोकळ्या, आणि अगदी बारीक तारेवर, दुसऱ्याच घरात, करंगळी. ती जरा आडवी झाली की शेजारची तार मुकी होते, म्हणून जीव मुठीत धरून दाबली. वरून खाली हळूच अंगठा फिरवला. कोमल ग तसाच उदास, पण आता तो काहीतरी सांगतोय आणि वरून रे नुसता 'हं' म्हणतोय, असं वाटलं. तेवढ्यात स्टेशनाकडून इंजिनाचा भोंगा आला. सूर कुठे विरला आणि भोंगा कुठे सुरू झाला, कळलंच नाही. वाळत घातलेल्या साड्या संथ हलत होत्या. मी तिथे होते की नव्हते, तेही सांगता यायचं नाही. आत भात मात्र करपला.

करपलेल्या भाताच्या वासानं आपलं स्वयंपाकघर आठवलं. काय भांडायचो गं आपण! तुला फोडणीत लसूण आधी हवा, मला जिरं. नळाला पाणी आलं की तुझी कळशी आधी का माझी. तू गिटार जुळवायला बसलीस की मी मुद्दाम भांडी आपटायचे, आणि तू मुद्दाम आणखी वेळ जुळवत बसायचीस. वाईट दोघीही नव्हतो. सेलूला निघालात तेव्हा जीपमध्ये जागा नाही म्हणून गिटार कपाटावर राहिली, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

मग त्या उन्हाळ्यात भर दुपारी कपाटावर टण्ण आवाज होऊन तिची एक तार आपोआप तुटली. नुकसान कळवावं म्हणून तुला फोन केला, तर ऊन कलेपर्यंत आपण बोलत होतो. तार कशी बदलायची इथून सुरुवात झाली. पुढे एका दुपारी तू तुझ्या पोटातच गेलेल्या बाळाबद्दल बोललीस. ते सगळं आपल्याच घरात झालं होतं, मी शेजारच्या खोलीत होते, आणि तेव्हा आपण एकमेकींशी अवाक्षर बोललो नव्हतो. फोनवर तू रडलीस आणि मी ऐकत राहिले. त्या दिवसापासून तू मला बहिणीपेक्षा जवळची झालीस.

म्हणून हे पत्र. बबिता, तू घरात राहायला येऊ नकोस. रागावू नकोस, पुढचं वाच. गल्लीच्या टोकाला चतुराबाईंच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या आहेत. मघाशीच मी जाऊन बघून आले. उत्तरेच्या खिडकीतून आपलं अंगण दिसतं, लिंब दिसतो, मी कुठे बसते तेही दिसतं. तिथे तुझा लसूण आधी पडू दे, इथे माझं जिरं. एका चुलीवर आलो तर महिन्याभरात पुन्हा भांडी आपटतील, आणि आता तुला गमवायचं नाही मला. किल्ली मागून आणलीय, पदराला बांधून ठेवलीय. सासूबाईंना मी सांगते, त्यांचा राग माझ्यावर निघू दे. तू फक्त माडी चढ.

तुझीच,
मनिषाताई