काठी मी नेली आहे

चि. सखाराम,

आपल्या चंद्रभागेच्या लग्नाच्या साली कोंडाजी भर पंगतीत तुझ्या आईला चोरटी म्हणाला. मी काठीने त्याचा हात मोडला. मग गावकी बसली ती त्या हातासाठी. आई म्हणाली, "अवो, तुमचा राग गेला, माजा आळ तसाच हाय."

काल कोंडाजीचा रावजी सूनबाईला तेच बोलला. कापडे गावाहून आलास की तू काठी शोधशील, म्हणून मी ती नेली आहे. सूनबाई म्हणते, "मामंजी, बोलाया मला जीभ हाय, तुमी निस्ते संगं चला."

रावजी देवळात नारळ ठेवून शब्द मागे घेईलसं दिसतं. नारळ त्याच्या आईनेच काढून दिला आहे. भाकर शिंक्यात आहे. जेवून, रिकाम्या हाताने देवळात ये.

कोंडाजी मात्र शब्द मागे न घेताच त्या लग्नानंतरच्या माघात वारला.