बाबांच्या चारशे सोळा मेल

प्रिय शहाण्या,

बाबा गेल्यावर महिन्याने तू फोनवर रडलास. "आई, बाबांच्या सगळ्या मेल नीट लावून दे गं, आता वाचायच्यात," म्हणालास आणि तुझ्या जुन्या खात्याचा पासवर्ड सांगितलास. तीस वर्षं अभिलेखागारात काढली मी. कागद कसे लावायचे हे मला शिकवायला नको. निवृत्तीनंतर संगणकाकडून आपोआप कामं करून घेणाऱ्या स्क्रिप्टही लिहायला शिकले. वर्ष, त्यात महिना, त्यात विषय, असं फोल्डरात फोल्डर करायचं ठरवलं.

पाहते तर तिथे तुझीच एक स्क्रिप्ट आधीपासून चालू. अकरा वर्षांपूर्वीची. विसरलास वाटतं. बाबांची मेल आली की ती न उघडता 'घर', त्यात 'नंतर', त्यात 'बाबा' अशी तळाशी ढकलायची आणि सात मिनिटांनी उत्तर धाडायचं, "मिळालं बाबा. छान लिहिलंय. सवडीने बोलू." लगेच गेलं तर संशय येईल, एवढी अक्कल मात्र चालवलीस.

ते उत्तर आलं की बाबा स्वयंपाकघरात यायचे. "बघितलंस? कामात बुडालाय, तरी वाचतो पोरगा." मी म्हणायचे, "वाचतोय कसला! तोंडदेखलं लिहितो झालं." मग दिवसभर माझ्याशी अबोला. मीच खरं बोलत होते, हे आत्ता कळलं.

चारशे सोळा मेल. एकही उघडलेली नाही. शेवटची दवाखान्यातून आलेली. "उद्या ऑपरेशन. भीती वाटते, आईला सांगू नकोस. आज एक फोन कर." त्यालाही सात मिनिटांनी 'छान लिहिलंय' गेलं. सकाळी आत नेताना त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "त्याचा येईल. उचल हं."

परवा तू पुन्हा विचारलंस, मेल कधी पाठवतेस, पोरांना वाचून दाखवायच्यात. म्हणून हे लिहिते आहे. चार दिवस बसून मी त्या सगळ्या वाचल्या. मग स्क्रिप्टला आणखी एक ओळ जोडली. तुझ्या खात्यातून पुसल्या गेल्या, त्यांचा फोन माझ्याकडेच, म्हणून त्यांच्या खात्यातून गेल्या, कचऱ्यातूनही गेल्या. तुझ्या लहानपणाबद्दल त्यांनी खूप लिहिलं होतं. एका गोष्टीसाठी तुझी माफीही मागितली होती. कोणत्या, ते विचारू नकोस. मी सांगणार नाही.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
आई