रिंगखालचा नारळ

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दसरा जवळ आला की माझं डोकं तुमच्यावर तापतंच. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं, असं तुमचा जावई म्हणतो. मी भांडणार. जिवंत होते तेव्हा तुम्ही कुठं बोलू दिलं?

खंडेनवमीला सकाळी कारखान्यात लेथची पूजा व्हायची आणि संध्याकाळी तुम्ही सगळे कॉलनीतल्या बास्केटबॉलच्या मैदानावर यायचे. बॉलला हळदकुंकू, पोलला झेंडूचा हार. नारळ फोडायचा मान त्याचा, जो या मैदानावरचा आजवरचा सगळ्यात मोठा फॉरवर्ड. आणि फोडताना त्यानं ज्याच्याकडून खेळ शिकला, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग काय, नुसती भांडणं! आता पोरं मोबाईल हातात धरून अमेरिकेतल्या पॉवर फॉरवर्डांवरून भांडतात, तेच तुम्ही पोलला टेकून, सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत करायचे. कोणी म्हणे उंची पाहा, कोणी म्हणे बास्केट किती टाकले ते पाहा. शेवटचा शब्द तुमचा, कारण तो पोल तुम्हीच वेल्डिंग करून उभा केला होता. "बास्केट तं कोणीबी टाकते," तुम्ही म्हणायचे, "रिंगवरून उडालेला बॉल कोण आणते, थे सांगा."

मला तुम्ही तेच शिकवलं ना? उन्हाळ्यात, तापलेल्या मुरमावर, गुडघे सोलून निघेपर्यंत. पाय रोवायचा, पाठीनं समोरच्याला मागं दाबायचं, नजर रिंगवर. मी रडले की तुम्ही ओरडायचे, "रडून कायले राहिली? जागा सोडली तं बॉल गेला समज." मी जागा सोडली नाही, बाबा. पुढं आयुष्यातही कुठं सोडली नाही.

ऐंशी साल उलटलं होतं. मी जिल्ह्याकडून नागपूरला खेळून, जिंकून आले होते. त्या खंडेनवमीला वाद फार चाललाच नाही. जे पानठेलेवाले काका दरवर्षी तुमच्याकडेच खेळ शिकलेल्या, शहापूरच्या एका उंच माणसाची बाजू घ्यायचे, तेच म्हणाले, "भाऊ, यंदा पोरीलेच देऊन टाका. रिंगखाली इच्यासारखं कोणी नाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पुढं होऊन नारळ उचलला आणि तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतला.

"बाईमाणूस नारळ फोडत नाई."

"काहून?"

"मले तोंड वर करून इचारू नोको. घरी जाय."

आणि नारळ दिला कोणाला? शहापूरवाल्याला! जो रिंगखाली कधी घुसलाच नाही, लांबून बॉल फेकून मोकळा व्हायचा, ज्याला तुम्ही स्वतःच 'भित्रा' म्हणायचे. त्यानं तुमचं नाव घेऊन नारळ फोडला आणि तुमचा चेहरा कसा फुलला! मी फाटकापाशी उभी राहून पाहिलं, घरी गेले नव्हते.

रात्री तुम्ही त्या नारळाचं अर्धं भकल माझ्यापुढं ठेवलंत. "घे, तुहा वाटा." मी हात लावला नाही. आईनं ते किसलं आणि सकाळी त्याची चटणी केली, तीही मी खाल्ली नाही. मला अजून कळत नाही. पोरीनं हाफ पॅन्ट घालून माणसांसमोर खेळावं, हे तरी कोणत्या रीतीत बसत होतं? त्यासाठी तुम्ही अख्ख्या कॉलनीशी भांडलात, सख्ख्या भावाशी बोलणं टाकलंत. मग एका नारळापाशीच कसे घाबरलात? आणि मी फोडला असता तर कोणाचं नाव घेतलं असतं? एवढीही अक्कल नव्हती तुम्हाला?

काल खंडेनवमीला कॉलनीतल्या पोरांनी मला मैदानावर बोलावलं. "आजी, तुम्हीच फोडा," म्हणाले, इतक्या सहज, की मला त्यांचाही राग आला. जाताना ठरवलं होतं, नाव घेईन तर माझं स्वतःचं. तुमचं मरेपर्यंत घेणार नाही. पोलच्या बुडाशी नारळ आपटला, एका घावात दोन भकलं. आणि तोंडातून तुमचं नाव निघालं, आजोबांच्या नावासकट, कॉलनीभर ऐकू जाईल असं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र स्वतःवर इतकी चिडले की पदरानं तोंड पुसून तडक घरी आले.

अर्धं भकल तुमच्या फोटोपुढं आपटलं आहे. घ्या, तुमचा वाटा. हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुम्हाला वाचून दाखवायचंही नाही. माफ तर मुळीच केलेलं नाही. फक्त एक खरं सांगते, इतक्या वर्षांत मी दुसरं नाव शोधलंच नव्हतं.