दोन्ही टेबलांवर सही

एडिसन, अमेरिका, ऑक्टोबर २००५

आणि मामा, "तिथं कोण बघायला येतंय, नाही केली सही म्हणून सांग" हे तुम्ही फोनवर तीनदा सांगितलंत, आता चौथ्यांदा सांगू नका. (पाया पडतो, रागात राहूनच गेलं. मामींचे गुडघे कसे आहेत?) इथं हात वर करून शपथ घ्यायला लावतात. शिवाय शिकवण तुमचीच. कुठल्याही पक्षाचा माणूस आला की हो म्हणायचं, चहा प्यायचा, कुणाला दुखवायचं नाही, हे जीपमधून प्रचाराला फिरवत तुम्हीच शिकवलंत.

तर गेल्या वर्षी इथल्या कौन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी, निवडणूक होती. मी काम करतो त्या किराणा दुकानाबाहेर विष्णूकाका त्यांच्या पक्षाचं टेबल मांडून बसले. "एकनाथ, आपला माणूस निवडून आणायचाय, कर सही!" मी कांद्याची पोती उतरवत होतो. हात पुसले, केली. आपल्याकडे कागद कार्यकर्ताच भरतो, आपण अंगठ्यापुरते. समोरून दुसऱ्या पक्षाचे श्रीरामकाका बघत होते; त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिथंही केली. (त्यांचा समोसा जास्त चांगला होता.) तो कागद निघाला मतदार यादीत नाव घालायचा, आणि "मी इथला नागरिक आहे" या चौकटीत दोन्ही काकांनी खूण केलेली. मी तर नुसता ग्रीन कार्डवाला, म्हणजे राहायचा-कमवायचा परवाना, मताचा हक्क नाही! मत मात्र दिलं नाही, त्या दिवशी कांद्याचा ट्रक आला.

आता सोमवारी नागरिकत्वाची मुलाखत, आणि तिथं नेमकं हेच विचारतात. वकीलबाई संध्याताईंनी कपाळाला हात लावला. "दोनदा?" खरं सांगितलं तर अर्ज फेटाळतील, कदाचित परतही धाडतील; खोटं सापडलं तर विषयच संपला. तुमची सूनबाई अबोली, इथंच वाढलेली, ती म्हणाली, "अरे, सही करायच्या आधी वाचायचं असतं!" विष्णूकाकांकडे गेलो, तर त्यांनी धीर म्हणून प्रचाराची टोपी दिली. मी खरंच सांगणार आहे. भीती अजिबात वाटत नाही.

तुमचा,
एकनाथ

ता. क. भीतीचं वाक्य अबोली शेजारी बसली होती म्हणून लिहिलं.

आणखी एक. तुमच्या दुकानामागच्या खोलीतली खताची पोती हलवून ठेवा. आईला कारण सांगू नका. मी एकट्यापुरतंच विचारणार होतो, पण काल भांडी घासता घासता अबोली म्हणाली, "तिकडे बाथरूममध्ये गरम पाणी येतं का रे?" तेव्हा गीझर बसवून घ्या. दीडशे डॉलर पाठवतोय.