वेग वाढवला की येणारा आवाज

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे माणसं सगळी बरी आहेत. महिनाभर आजारी होती ती गाडी. तीस वर्षं मोटार स्कूल चालवलेल्या बहिणीला हे परक्याकडून कळण्यापेक्षा मीच कळवावं, म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात तुझ्या भावजयीनं केली. भाजी आणायला निघालो असताना ती म्हणाली, की गाडी कण्हतेय. वेग वाढवला की बारीक, लांब कुंईऽऽ असा आवाज येतो आणि पाय काढला की विरतो. मी कान टवकारले, पण मला काही तो आला नाही. तरी मी तिला समजावून सांगितलं, की एवढ्या जुन्या गाडीला आवाज असायचाच. (जो आवाज आपल्याला आलाच नाही, त्याची समजूत घालणं सोपं नसतं. पण नवरा म्हणून सदतीस वर्षं काढली, की जमतं.)

समोरचे घड्याळदुरुस्तीवाले गाडीत बसून एक फेरी मारून आले आणि टायर झिजलेत म्हणाले. टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले. मी चालवून पाहिली आणि आवाज गेल्याचं जाहीर केलं. भावजय म्हणाली, आहे. मग जावईबापू आले. त्यांनी स्टिअरिंगचं तेल कमी झाल्याचं निदान केलं, तेल भरलं, निम्मं त्यांच्या नव्या विजारीवर सांडलं. मी पुन्हा चालवली, पुन्हा आवाज गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, आहे. यावरून आमच्यात दोन दिवस अबोला झाला. शेवटी जावयांनी तो आवाज मोबाइलवर टिपून माझ्यासमोर वाजवला. मी म्हणालो, यात तर काहीच आलेलं नाही. जावयांनी सासूकडे पाहिलं आणि सासू खिडकीबाहेर पाहू लागली. ताई, त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती गाडीची नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठलं. तिथला मिस्त्री बोलण्यात कंजूष, पण कामाचा पक्का. त्यानं गाडी जागेवरच, गिअर न टाकता, रेस केली. आवाज आला. (भावजयीनं मान डोलावली म्हणून मला कळलं.) उभ्या गाडीतही येतोय म्हणजे टायर आरोपातून सुटले, गिअरबॉक्सही सुटला. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाजात फरक नाही, म्हणजे जावयांचं तेलही निर्दोष. मग त्यानं इंजिनचा पट्टा काढून गाडी क्षणभर चालू केली, तर आवाज बंद! पट्टा पुन्हा चढवला आणि एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन, त्याचं टोक एकेका भागाच्या अंगावर टेकवून आणि मूठ कानाशी धरून तो ऐकत गेला. आल्टरनेटरपाशी, म्हणजे पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणाऱ्या डब्यापाशी, तो थांबला.

"काका, या. इथे ऐका."

मी ती मूठ कानामागच्या हाडावर टेकवली. आणि ताई, आला गं तो आवाज! बंद दाराआड एखादं मूल एकाच सुरात रडत बसावं, तसा. महिनाभर ही बाई हेच ऐकत होती आणि मी तिला वेड्यात काढत होतो. मी तसाच वाकून उभा राहिलो. मिस्त्रीला वाटलं मला काही कळत नाहीये, म्हणून तो काहीतरी समजावू लागला. मी हातानंच त्याला थांबवलं.

आतलं बेअरिंग कोरडं पडलं होतं. त्यानं ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. बोटानं फिरवलं, तर आत वाळू असल्यासारखं खरखरलं. संध्याकाळपर्यंत नवं बसलं. परत येताना चढावर मी पाय दाबला आणि रस्त्याऐवजी भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती आधी "समोर बघा" म्हणाली आणि मग म्हणाली, "गेला." मी गाडी कडेला घेतली आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "कानाला दाखवू या." एवढंच.

भाऊजींना नमस्कार. लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. कानाचा भाग भाऊजींना वाचून दाखवू नकोस. बेअरिंगपर्यंत वाचून थांब.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही कानांना यंत्र लागणार आणि ते येईपर्यंत गाडी चालवायची नाही. भावजयीनं शिकाऊ परवाना काढला आहे. मी हरकत घेतली, तर ती म्हणते, गाडी शिकू का असं तिनं मला तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा मी हसून मान डोलावली होती. तेव्हा, ताई, खरं काम हे, की तू पंधरा दिवस इकडे येऊन तिला शिकव. काल मीच शिकवायला बसलो होतो. सगळ्या सूचना मी अगदी हळू आवाजात, प्रेमानं दिल्या. तरी गल्लीतली चार माणसं धावत आली, की कुणाला काय झालं?